मेहबूब नालबंदाचा चुंबक

कामरगावच्या बाजारात कडुनिंबाखाली बैल आडवा पडलेला दिसला, की लोक समजत, मेहबूब नालबंद कामाला लागला. बैलाला पाय चार आणि नाला मात्र आठ, कारण खूर दुभंगलेला. दोर टाकून बैल पाडायचा, पाय एकत्र आवळायचे आणि एकेका नखीवर नाल ठेवून खिळे ठोकायचे. खिळा जरा आत गेला की बैल लंगडा, जरा वर राहिला की नाल दोन कोसांत गळून पडणार. मेहबूबच्या हातून पंधरा वर्षांत एकही बैल लंगडा झाला नव्हता. त्याचा त्याला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर अभिमान कसला, चांगला माज होता. "लोखंडाचं मले कोन शिकवते?" हे त्याचं पालुपद. बायकोनं तवा वाकला म्हटलं तरी हेच, आणि जावयासारखा मान घेणाऱ्या पाटलानं नाल सैल आहे म्हटलं तरी हेच.

माणूस वाईट नव्हता हो. अडल्यानडल्याचा बैल फुकट नालून देई. पण चांगल्या माणसालाही एखादी जागा असते, जिथं तो कुणाचं ऐकून घेत नाही. मेहबूबची ती जागा लोखंड होती.

नालबंदाच्या कामात एक पीडा असते, ती म्हणजे पडलेले खिळे. ठोकताना चार वाकतात, दोन उडतात, आणि कडुनिंबाखालच्या फुफाट्यात दिसेनासे होतात. मग कुणाच्या अनवाणी पायात जातात, कुणाच्या म्हशीच्या. मेहबूबचा बाप त्यासाठी रोज संध्याकाळी चाळणीनं माती चाळत बसायचा. मेहबूबची ती पीडा गेली ती सैफुद्दीन मिस्त्रीमुळं.

सैफुद्दीन मिस्त्री म्हणजे मेहबूबच्या बायकोचा, अमीनाबीचा, मामेभाऊ. कारंज्याला कापसाच्या जीनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, तो इंजन सांभाळायचा. पहिली मोठी लढाई संपून दोनेक वर्षं झाली असतील. मेहबूब कारंज्याला गेला होता, तेव्हा मिस्त्रीनं एक बिघडलेलं यंत्र खोलून ठेवलं होतं. इंजनात ठिणगी पाडणारं ते यंत्र. आत तांब्याच्या तारेचं रीळ, आणि त्याच्यावर नालेसारखी वाकवलेली दोन जाड लोखंडं.

"अरे, हे तं माह्यंच काम दिसून राह्यलं!" मेहबूब हसला.

"तुमचंच हाय. जरा ही तार धरा," मिस्त्री म्हणाला, आणि त्यानं रीळ झर्रकन फिरवलं.

मेहबूबच्या कोपरापर्यंत असा झटका बसला, की तो दोन पावलं मागं गेला आणि तिथल्या कापसाच्या ढिगावर बसला. जीनमधली माणसं पोट धरून हसली. मग मिस्त्रीनं त्याला समजावून सांगितलं. हे नालेसारखं लोखंड म्हणजे चुंबक. त्याच्या पोटात तांब्याची तार फिरवली की तारेत बिजली धावते. आणि उलटंही आहे, साध्या लोखंडाला तार गुंडाळून तारेत बिजली सोडली, की ते लोखंड चुंबक होतं. "चुंबक अन् बिजली, एका घरच्या दोन बहिनी, मेहबूबभाई. एकीले बोलावलं का दुसरी मांगंमांगं येते."

यंत्र फुटकंच होतं. जाताना मिस्त्रीनं त्यातला एक चुंबक मेहबूबच्या हातावर ठेवला. मेहबूबनं तो घरी आणला, दोरीला बांधला आणि कडुनिंबाखाली मातीवरून फिरवला. खिळे असे टपाटप येऊन चिकटले, की अमीनाबी "या अल्ला" म्हणून दारातच थांबली.

खिळ्यांवरून गोष्ट डोळ्यांवर गेली. एके दिवशी धनजचा एक लोहार डोळा चोळत आला. घण मारताना लोखंडाचा कण डोळ्यात गेला होता, आणि बुबुळाच्या कडेला काळा ठिपका दिसत होता. मेहबूबनं त्याची पापणी वर केली आणि चुंबकाचं टोक अलगद जवळ नेलं. ठिपका हलला, निघाला, चुंबकाला जाऊन बसला. लोहार हात जोडून उभा राहिला. त्यानंतर इंझोरीपासून धनजपर्यंतची माणसं यायला लागली. ज्याच्या डोळ्यात माती गेली आहे त्याला मेहबूब परत पाठवी. "हे लोखंडाचं औषध हाय, मातीचं नाई." कुणाकडून त्यानं पैसा घेतला नाही. पण गाव आता त्याला नालबंद न म्हणता डोळेवाला म्हणायला लागलं होतं, आणि ते त्याला गोड लागत होतं.

मेहबूबला एकच लेक, सितारा. अमीनाबीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, त्यानंतरची ही. सात वर्षांची झाली तेव्हा तिनं मराठी शाळेत जायचा हट्ट धरला. शाळेत दौलतराव मास्तर होते. बापाचा वांग्या-मिरच्यांचा मळा सोडून मास्तरकीत आलेला हा माणूस. पुस्तकातलं वाचून दाखवण्यापेक्षा पोरांना वस्तू हातात द्यावी, असं त्यांचं डोकं. त्यांनी सिताराचं नाव घालून घेतलं, आणि चुंबकाची कीर्ती ऐकून एका सकाळी तिचा सगळा वर्ग रांगेनं कडुनिंबाखाली आणला.

"मेहबूबभाई, तुमचा चुंबक घडीभर द्या. पोट्ट्यायले दाखवतो."

मेहबूब एका मारक्या बैलाला नालत होता. त्यानं मानेनंच हो म्हटलं. मग कडुनिंबाखाली जी गंमत झाली ती त्या पोरांनी जन्मभर सांगितली. जे हाती लागेल ते चुंबकाला लावून बघायचं. सुई चिकटली, खिळा चिकटला, विळ्याचं पातं चिकटलं. पितळेची लोटी चिकटेना. तांब्याचा पैसा चिकटेना. एकानं कडुनिंबाची काडी लावली, एकीनं बांगडी, आणि एका वात्रटानं स्वतःचं नाक लावलं. मास्तर हसले आणि म्हणाले, "नाकात लोखंड असतं तं तुही माय तुले खिळ्याले टांगून ठेवती." मग त्यांनी कागदावर लोखंडाचा कीस पसरला, खालून चुंबक फिरवला, आणि कीस उठून वारुळातल्या मुंग्यांसारखा चालायला लागला. शेवटी एक खिळा घेऊन त्यांनी चुंबकावर एकाच बाजूनं वीस वेळा घासला. त्या खिळ्यानं सुई उचलली.

"बापाचं देनं लेकाले भेटलं," मास्तर म्हणाले, "अन् बापाचं कमी झालं नाई."

हे मात्र मेहबूबनं ऐकलं. बैलाचा पाय धरल्याधरल्या त्यानं मान वर केली. आपल्या लेकीकडे बघितलं. ती खिळा हातात घेऊन सगळ्यांना सुई उचलून दाखवत होती, आणि डोळे असे चमकत होते, की तिचं सितारा, म्हणजे चांदणी, हे नाव ठेवणाऱ्याला शाबासकी द्यावी. त्यानंतर मास्तरांनी पोरांना चुंबकाचे तीन नियम सांगितले. चुंबक आपटायचा नाही. काम झालं की त्याच्या दोन टोकांना लोखंडाची आडवी पट्टी लावून ठेवायचा. आणि चुंबक आगीत घालायचा नाही. पण तोवर बैलानं झटका दिला होता, आणि मेहबूबचं लक्ष परत खुरावर गेलं होतं.

पुढं दोन वर्षं मास्तर दर हिवाळ्यात वर्ग आणत राहिले. मधल्या काळातही पोरं येत. चुंबक ऐरणीवर आपटून आवाज काढत, दगडावर टाकत, परत उचलत. पट्टी कुणी लावत नव्हतं. मेहबूब बघायचा आणि सोडून द्यायचा. लोखंडाला आपटल्यानं काय होतंय? लोखंड तर मार खाऊनच मोठं होतं.

आणि तिसऱ्या वर्षी चुंबकाचा जोर ओसरला. पूर्वी वीतभरावरून खिळा ओढायचा, आता अंगाला लावला तरी खिळा घसरून पडे. इंझोरीहून आलेल्या एका म्हाताऱ्याच्या डोळ्यातला कण काढताना मेहबूबला घाम फुटला. कण निघाला, पण चौथ्या खेपेला. म्हातारा जाताना म्हणाला, "चुंबक म्हातारा झाला वाटते बाप्पा, माह्यासारखा." म्हातारा हसला. मेहबूब काही हसला नाही.

आता दौलतराव मास्तर शाळेत होते, शाळा दोनशे पावलांवर होती. जाऊन विचारलं असतं तर काय नाक कापलं जाणार होतं? पण लोखंडाचं विचारायला नालबंदानं मास्तराकडे जायचं? त्याला ते पटेना. शिवाय उपाय त्याला ठाऊकच होता. कुदळीची धार गेली, छिन्नी बोथट झाली, तर लोहार काय करतो? भट्टीत लाल करतो आणि पाण्यात बुडवतो. पाणी दिलं की लोखंडाचा जोर परत येतो. हे त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं, बापाला आज्यानं. चुंबक म्हणजे तरी काय, लोखंडच की.

तो दिवस शाळेला सुट्टीचा होता. मेहबूबनं भाता चालवला, चुंबक सांडशीत धरला. सितारा शेजारी बसून खिळे निवडत होती. ती उठून उभी राहिली.

"अब्बा, तो आगीत घालाचा नाई."

"काहून?"

"मास्तरानं सांगतलं. आगीत घातला का चुंबक मरते."

मेहबूब मोठ्यानं हसला. "तुह्या मास्तरानं कधी भाता ओढला काय? वांग्याच्या वाफ्यातून उठला अन् मास्तर झाला. लोखंडाचं मले कोन शिकवते? बस तू, खिळे निवड."

"पन अब्बा..."

"बस म्हनलं ना!"

ती बसली. चुंबक लाल झाला, पाण्यात गेला, चर्र आवाज झाला, वाफ निघाली. तेवढ्यात अमीनाबीनं आतून हाक मारली म्हणून सितारा घरात गेली. मेहबूबनं चुंबक पुसला आणि खिळ्यांच्या ढिगाला लावला.

एकही खिळा उठला नाही.

त्यानं परत लावला. घासून लावला, उलटा करून लावला. कीस लावून बघितला. पितळेच्या लोटीला जेवढी लोखंडाची ओढ, तेवढीच आता त्या चुंबकाला होती. मेहबूब कितीतरी वेळ तो काळा पडलेला तुकडा हातात घेऊन बसून राहिला. सितारा बाहेर आली आणि म्हणाली, "आला काय जोर?"

आणि मेहबूब म्हणाला, "आला."

त्यानं खोटं का बोलावं? समोर नऊ वर्षांची लेक, दुसरं कुणी नाही. पण माणसाला सगळ्यात जास्त लाज लेकरासमोरच वाटते. "आता तो जपून ठेवाचा. कोनी हात लावाचा नाई," असं म्हणून त्यानं चुंबक पत्र्याच्या पेटीत टाकला आणि पेटीला कुलूप घातलं.

मिस्त्रीकडे नेला तर तो काहीतरी करील, हे त्याला ठाऊक होतं. तार आणि बिजलीचं ते बोलणं तो विसरला नव्हता. पण दिवस कापसाच्या हंगामाचे. कारंज्याला गाड्यांची रांग लागलेली, रोज सहा-सात बैल पाडायचे. आणि मिस्त्री विचारील, याला आगीत कुणी घातलं? मग काय सांगायचं? आज जाऊ, उद्या जाऊ, बाजार झाल्यावर जाऊ, असं करता करता नऊ दिवस गेले. त्यात एक जण डोळा घेऊन आला. मेहबूबनं त्याला "आज माह्या हातात कसर हाय, दुसरीकडं जा" म्हणून लावून दिलं. रात्री त्याला जेवण गेलं नाही.

दहाव्या दिवशी दुपारी सितारा त्याची भाकर घेऊन आली. मेहबूब ऐरणीवर छिन्नीनं नाल तोडत होता. त्या छिन्नीचं डोकं घाव खाऊन खाऊन फुललं होतं, कडा झालरीसारख्या बाहेर आल्या होत्या. ती घासून सारखी करायला हवी, हे लोखंडाचं सगळं कळणाऱ्या मेहबूबला कळत नव्हतं असं नाही. पण घाई होती. हातोडा बसला, झालरीचा एक तुकडा उडाला, आणि सितारानं भाकरीचं फडकं खाली टाकून डावा डोळा धरला.

तिनं आरडाओरडा केला नाही. हेच मेहबूबला पुढं कधी विसरता आलं नाही. तो धावला, तिला मांडीवर घेतलं. तीच त्याला धीर देत म्हणाली, "अब्बा, तुमी भेऊ नका. चुंबक आना ना. लोखंडच हाय, निघून येईन."

अमीनाबी ओरडत धावत आली. "आना ना चुंबक, काय पाहून राह्यले?"

मेहबूबनं पेटी उघडली. काय करणार होता तो? त्यानं तो मेलेला तुकडा बाहेर काढला, लेकीची पापणी वर केली, आणि तो तिच्या डोळ्याजवळ नेला. इतक्या वर्षांत इतक्या माणसांच्या डोळ्यांजवळ नेला होता तसाच, अलगद. डोळ्यातून रक्ताचा बारीक धागा येत होता. सितारा दुसरा डोळा मिटून अगदी स्थिर पडली होती. बापाला त्रास होऊ नये म्हणून श्वाससुद्धा धरून ठेवला होता तिनं.

"निघालं काय अब्बा?"

मेहबूबनं चुंबक खाली ठेवला आणि तोंड फिरवून रडायला लागला.

रंगराव माळ्याची गाडी मिरच्या घेऊन कारंज्याला निघतच होती. रंगरावनं एका शब्दानं न विचारता मिरच्यांची पोती रस्त्यावर उतरवली आणि तिघांना गाडीत घेतलं. त्याच्या दोन्ही बैलांच्या सोळाही नाला मेहबूबनंच आदल्या आठवड्यात ठोकल्या होत्या. बैल असे पळाले, की दिवस मावळायच्या आत गाडी जीनच्या फाटकात उभी होती.

सैफुद्दीन मिस्त्रीनं चुंबक हातात घेतला. काळा रंग बघितला, बोटानं पापुद्रा खरवडला. त्यानं मेहबूबकडे एकदा बघितलं, आणि काही विचारलं नाही. त्यानं चुंबकाला तांब्याची तार गुंडाळली आणि तारेची टोकं जीनमध्ये दिवे लावणाऱ्या यंत्राला जोडली. थोडा वेळ गेला, पान लावून खाण्याएवढा. तार सोडवून त्यानं चुंबक टेबलावरच्या खिळ्यांजवळ नेला. खिळे उडी मारून चिकटले. पूर्वी कधी नव्हता इतका जोर.

मेहबूब तो खिळ्यांचा घोस बघत राहिला. एवढंच काम होतं. एवढ्यासाठी नऊ दिवस. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे, आणि वरात कुणाची, तर आपल्याच लेकीची.

मिस्त्रीनं स्वतःच्या हातानं चुंबक सिताराच्या डोळ्याजवळ नेला. तिनं पहिल्यांदाच किंचाळी फोडली, कारण आतला तुकडा आतल्या आत हलला. मिस्त्रीनं हात मागं घेतला. "हे आपल्यानं होनार नाई. अमरावतीले न्या."

सकाळच्या छोट्या आगगाडीनं ते मूर्तिजापूरला गेले, तिथून अमरावतीला. डॉक्टरनं तुकडा काढला, गव्हाच्या अर्ध्या दाण्याएवढा. डोळा जागेवर राहिला, पण नजर गेली. बुबुळावर पांढरा पडदा आला तो कायमचा. मेहबूबनं डॉक्टरच्या पायाशी बसून एकच विचारलं, "साहेब, त्याच घडीले चांगला चुंबक लावला असता तं?"

डॉक्टर म्हणाला, "काही उपयोग नव्हता. तुकडा फार खोल होता. हातातल्या चुंबकानं असे तुकडे निघत नाहीत." त्यानं ते दोनदा सांगितलं. खरं असेल, कदाचित माणसाची दया येऊनही सांगितलं असेल. मेहबूबनं त्यावर विश्वास ठेवला नाही. त्याला शिक्षाच हवी होती, आणि ती द्यायला कुणी तयार नव्हतं. गाव हळहळलं. अमीनाबीनं छिन्नी विहिरीत टाकून दिली आणि नशिबाला बोल लावला. चुंबक म्हातारा होऊन बंद पडला होता, असं मेहबूबनं तिला सांगितलं होतं. आगीची गोष्ट दोघांनाच ठाऊक, त्याला आणि सिताराला. सितारा काही बोलली नाही. आज बोलेल, उद्या बोलेल, म्हणून तो वाट बघत राहिला.

ती परत शाळेत जायला लागली त्या आठवड्यात एक नवल झालं. मेहबूब नालबंद, चाळिशीचा बाप्या, मुंडासं काढून हातात घेऊन शाळेच्या दारात उभा राहिला. "मास्तर, चुंबकाचा पाठ मले आयकाचा हाय."

दौलतराव मास्तर शहाणे. त्यांनी त्याला भिंतीशी चटईवर जागा दिली आणि पाठ पुन्हा घेतला. लोखंडाच्या आत बारीकबारीक चुंबक असतात, ते म्हणाले, डोळ्याला दिसत नाहीत. साध्या लोखंडात ते बाजारातल्या बैलांसारखे असतात, कुणाचं तोंड इकडं, कुणाचं तिकडं. चुंबकात मात्र ते गाडीला जुंपल्यासारखे एका दिशेला तोंड करून उभे असतात, म्हणून त्यांचा जोर एकवटतो. आपटलं तर रांग मोडते. "अन् आगीत घातलं तं काय होते? कोन सांगते?"

वर्गात अशा प्रश्नाला सिताराचा हात सगळ्यात आधी वर जायचा. मास्तरही सवयीनं तिच्याकडेच बघायला लागले. डोळ्यावर पांढरं फडकं बांधलेली ती पोर मांडीवरच्या पाटीकडे बघत राहिली. हात वर गेला नाही. मागं भिंतीशी मेहबूब मान खाली घालून बसला होता. उत्तर दुसऱ्याच कुणीतरी दिलं.

तेव्हा त्याला कळलं, ही बोलणार नाही. कधीच बोलणार नाही. आणि त्याच्या छातीवरचा दगड त्या दिवसापासून हलला नाही.

वर्षं गेली. सिताराला स्थळं आली आणि पांढरा डोळा बघून गेली. एक पाहुणा तर पान खाऊन, चहा पिऊन, पडद्याआड ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पोरगी चांगली हाय, पन घरात येताच अपशकून नको." अमीनाबी त्यानंतर फार जगली नाही. जाताना तिनं मेहबूबचा हात धरला आणि म्हणाली, "तुमी सोताले खाऊ नका. तो चुंबकच म्हातारा झाला होता." तिच्याबरोबरही त्यानं ते खोटंच बांधून दिलं.

चुंबक त्यानं सिताराच्या स्वाधीन केला होता. लोकांच्या डोळ्यांतले कण आता ती काढायची. एका डोळ्याची बाई दुसऱ्याचे डोळे वाचवते, म्हणून माणसं तिला मानायची. दौलतराव मास्तर सेवेतून उतरले, पण वर्ग आणायची रीत नव्या मास्तरानंही चालू ठेवली. फरक एवढाच, की आता शिकवायची सितारा.

बेचाळीसच्या गडबडीनंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. मेहबूबचे हात थरथरायचे, नालबंदी सुटली होती. कडुनिंबाखाली खाटेवर तो पडून होता. समोर वीस-पंचवीस पोरं बसली होती. सुई झाली, पैसा झाला, बांगडी झाली, कीस मुंग्यांसारखा चालला. मग सितारानं तीन नियम सांगितले. पहिल्या ओळीत हेमला नावाची एक चिमुरडी बसली होती, एक प्रश्न विचारून समाधान न होणारी जात.

"आगीत घातलं तं मरते, हे तुमाले कसं मालूम? तुमी घालून पाह्यलं काय?"

सितारानं मान डोलावली. "हो. आमच्या घरीच मेला होता एकदा."

"कोनं घातला?"

खाटेवर मेहबूबनं डोळे मिटून घेतले.

"मास्तरानं मले सांगतलं होतं," सितारा म्हणाली, "पन मी घरी सांगाचं इसरली. घरच्यायले कसं मालूम असन? चूक माहीच होती."

वीस वर्षं. वीस वर्षं तो वाट बघत होता, की ही कधीतरी बोलेल, कधीतरी म्हणेल, अब्बा, मी सांगितलं होतं. आणि आज ती बोलली ती ही अशी. त्याची चूक उचलून तिनं आपल्या पदरात घेतली होती. मेहबूब खाटेची कड धरून उठून बसला. पोरांनी वळून बघितलं.

"खोटं बोलते ते," तो म्हणाला. "सांगतलं होतं तिनं. माह्यासमोर उभी राहून सांगतलं. नऊ वर्साची होती. म्याच आयकलं नाई. अन् मेलेला चुंबक हातात घेऊन म्या तिले सांगतलं, जोर आला म्हनून. थ्या डोयाचा गुन्हेगार मी हाय."

हेमलानं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा सिताराकडे, आणि लहान पोरांना असतो तो सरळपणा आवाजात आणून विचारलं, "मंग चाचा, तुमी काहून नाई आयकलं?"

मेहबूबनं सिताराच्या हातातल्या चुंबकाकडे बघितलं.

"मले वाटलं," तो म्हणाला, "लोखंडाचं मले सारं मालूम हाय."

सितारानं चुंबकाच्या तोंडाला आडवी पट्टी लावली आणि तो पेटीत ठेवला. मग ती बापाच्या खाटेवर येऊन बसली. पोरांना तेव्हा दिसलं, की तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पांढऱ्या डोळ्याचं दिसणं गेलं होतं, रडणं गेलं नव्हतं.